मानवंदना दिली, आता चौकशीही करा

भोसरीच्या एखाद्या कारखान्यात कामगार प्रेसखाली सापडून दगावला, तर प्रकरण अंत्यसंस्काराबरोबर संपत नाही. कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम ८८ ने अशा प्रत्येक मृत्यूची सूचना देणे आणि ती मिळाल्यापासून एका महिन्यात चौकशी करणे बंधनकारक केले. त्या कायद्याच्या जागी आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनेही मृत्यूच्या चौकशीची सक्ती कायम ठेवली आहे. चंद्रपूरच्या कोळसा खाणीत छत कोसळून माणूस गेला, तर खाण सुरक्षा महासंचालनालयाचे अधिकारी खाली उतरून पाहणी करतात. प्रवासी गाडीला मोठा अपघात झाला, तर रेल्वे सुरक्षा आयुक्त चौकशी करतात. हे आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात, कारण चूक शोधणारा आणि ज्याची चूक शोधायची तो, असे दोघे एकाच खात्याचे असू नयेत. आरोपीचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ नुसार दंडाधिकाऱ्यांची चौकशी होते. ती व्हायलाच हवी.

आता त्याच पोलीस ठाण्यातला हवालदार रात्री दोन वाजता महामार्गावरच्या नाकाबंदीत ट्रकखाली गेला असे समजू. ट्रकचालकावर गुन्हा नोंदवला जातो, पंचनामा होतो, शवविच्छेदन होते. पार्थिवाला मानवंदना मिळते, पालकमंत्री येऊन जातात, मदतीची घोषणा होते. पण त्याला त्या जागी, त्या वेळी, त्या पद्धतीने उभे कोणी केले? तो किती तास जागा होता? अंगात चमकणारे जॅकेट होते का? बॅरिकेडच्या आधी इशारा देणारा दिवा होता का? हे प्रश्न खात्याबाहेरून विचारणारी आणि उत्तर लेखी मागणारी यंत्रणा आपल्याकडे नाही. खात्यांतर्गत चौकशी झालीच, तर तिचा रोख बहुतेक वेळा ‘दोषी कोण’ याकडे असतो. ‘हे पुन्हा घडू नये म्हणून काय बदलायचे’ हा प्रश्न तिच्या कक्षेतच नसतो.

माझे म्हणणे एवढेच आहे. कर्तव्यावर असताना झालेल्या किंवा कर्तव्याच्या ताणातून ओढवलेल्या प्रत्येक पोलिसाच्या मृत्यूची स्वतंत्र, कालबद्ध आणि कारणे शोधणारी चौकशी व्हावी, तिचा अहवाल कुटुंबाला मिळावा आणि त्यातला जेवढा भाग उघड करता येईल तेवढा जनतेपुढे यावा. पोलिसांच्या बलिदानाचा सन्मान करायचा असेल, तर याइतका खरा सन्मान दुसरा नाही. पुतळा, चौकाला दिलेले नाव आणि पदक यांची मी किंमत कमी करत नाही. पण त्यातले काहीही पुढच्या शिपायाचा जीव वाचवत नाही.

आपल्याकडे स्मरणाची परंपरा चांगली आहे. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याने केलेल्या हल्ल्यात दहा पोलीस जवान मारले गेले. तेव्हापासून हा दिवस देशभर पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. आदल्या १ सप्टेंबरपासून ३१ ऑगस्टपर्यंत कर्तव्यावर प्राण गमावलेल्यांची नावे परेडवर वाचली जातात, ‘शोक शस्त्र’चा हुकूम होतो, बिगूल वाजतो, दोन मिनिटे शांतता पाळली जाते. दिल्लीत चाणक्यपुरीला २०१८ साली राष्ट्रीय पोलीस स्मारक उभे राहिले. उद्घाटनाच्या वेळी तिथल्या भिंतीवर स्वातंत्र्यानंतरच्या चौतीस हजारांहून अधिक पोलिसांची नावे होती. त्या भिंतीवर नावे आहेत, पण कारणे नाहीत. ही उणीव स्मारकाची नव्हे. कारणांची एकत्र, जाहीर नोंद ठेवण्याची व्यवस्थाच आपण उभी केली नाही, म्हणून ती राहिली.

महाराष्ट्राला पोलिसांचे बलिदान म्हटले की २६ नोव्हेंबर २००८ आठवते, आणि ते योग्यच आहे. गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या एके-४७ ची नळी हाताने धरून ठेवली. गोळ्या अंगावर घेऊनही त्यांनी ती सोडली नाही आणि कसाब जिवंत हाती लागला. जावळीच्या केडंबे गावच्या या माणसाला अशोकचक्र मिळाले. ठाणे परिसरात सापडलेल्या कोळ्याच्या एका प्रजातीला संशोधकांनी त्यांचे नाव दिले, हेही मला महत्त्वाचे वाटते. विज्ञानाच्या नोंदीत नाव कायमचे राहते. पण त्या रात्रीचा दुसरा भाग आपण तेवढ्याच आस्थेने वाचला का?

राज्य सरकारने राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. या समितीने हत्यारे, सराव आणि ठरलेल्या कार्यपद्धतीचे पालन यांतल्या उणिवा नोंदवल्या. गोळीबाराच्या सरावासाठी पुरेशी काडतुसे मिळत नव्हती, ही त्यातलीच एक. हा अहवाल विधिमंडळात यायला वर्षअखेर उजाडली, आणि तोही आधी फुटल्यामुळे त्यावर बोलणे भाग पडले. दरम्यान हेमंत करकरे यांच्या पत्नी कविता करकरे यांना पतीच्या बुलेटप्रूफ जॅकेटचे काय झाले हे माहितीच्या अधिकारात विचारावे लागले आणि ते गहाळ झाल्याचे उत्तर मिळाले. अशोक कामटे यांच्या पत्नी विनीता कामटे यांनी त्या रात्रीच्या वायरलेस संभाषणाच्या नोंदी याच कायद्याखाली अर्ज करून मिळवल्या. हौतात्म्य पत्करलेल्या अधिकाऱ्यांच्या पत्नींना आपला माणूस का आणि कसा गेला हे समजण्यासाठी सामान्य अर्जदारासारखे अर्ज-अपिलाच्या पायऱ्या चढाव्या लागतात, याहून मोठा अनादर कोणता? या दोघी शिकलेल्या, धीट आणि सार्वजनिक जीवनात परिचित होत्या. जत किंवा धडगाव तालुक्यातल्या शिपायाच्या विधवेने हे कसे करायचे?

गडचिरोलीचे २००९ हे वर्ष पाहा. १ फेब्रुवारीला मरकेगाव येथे पंधरा पोलीस मारले गेले. २१ मे रोजी हत्तीगोटा येथे सोळा, त्यात पाच महिला पोलीस होत्या. ८ ऑक्टोबरला, विधानसभेच्या मतदानाला पाच दिवस उरले असताना, भामरागड तालुक्यातल्या लाहेरीजवळ सतरा. नऊ महिन्यांत तीन घटनांमध्ये अठ्ठेचाळीस माणसे गेली. जंगलातल्या हालचालींचे नियम यातूनच कडक झाले. रस्त्याने शक्यतो जायचे नाही, गेलेच तर आधी रस्ता तपासणारे पथक पुढे पाठवायचे, एकाच वाटेने परतायचे नाही, घटनेची बातमी कळताच आंधळेपणाने धावायचे नाही. गडचिरोली पोलिसांच्या सी-६० या नक्षलविरोधी पथकाच्या जवानांना हे तोंडपाठ असते.

तरीही १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनीच, कुरखेडा तालुक्यात तेच घडले. आदल्या रात्री नक्षलवाद्यांनी दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहने जाळली. दिवसा कुरखेड्याहून शीघ्र कृती दलाचे जवान खासगी वाहनातून तिकडे निघाले आणि जांभूळखेड्याजवळ सुरुंगाचा स्फोट झाला. पंधरा पोलीस आणि वाहनाचा चालक मृत्युमुखी पडले. जाळपोळ हे आमिष असू शकते, हा धडा दहा वर्षे जुना होता. मग एवढे जवान एकाच वाहनात, न तपासलेल्या रस्त्यावर का गेले? आदेश कोणी, कोणत्या माहितीवर दिला? पर्यायी वाहन नव्हते, की वेळ नव्हता, की वरून दबाव होता? या प्रश्नांची उत्तरे कागदावर, पुढच्या अधिकाऱ्याच्या हातात पडतील अशा रूपात असायला हवीत. अधिकारी दोन-तीन वर्षांनी बदलून जातो आणि त्याच्याबरोबर अनुभवही जातो. लेखी अहवाल मात्र जागेवर राहतो.

सुरुंगविरोधी गाडी दिली की काम झाले, असे समजणारेही पुष्कळ आहेत. अशी गाडी ठरावीक वजनाच्या स्फोटकापर्यंतच टिकते. त्याहून मोठा सुरुंग असेल तर ती उलटते आणि आतली माणसे धक्क्याने मरतात. शिवाय ती जड, संथ आणि लांबून ओळखू येणारी असते. म्हणून प्रत्येक घटनेत स्फोटक किती होते, कुठे पुरले होते, तार होती की दाबाचा स्विच, गाडी किती वेगात होती आणि दोन गाड्यांत अंतर किती होते, याची तांत्रिक नोंद हवी. त्या नोंदीवाचून केलेली खरेदी म्हणजे अंदाजावर उधळलेला पैसा.

पण नक्षलवादी आणि दहशतवादी यांच्या गोळीने मेलेले पोलीस हा या कहाणीचा छोटा भाग आहे. बातम्यांत जागा मिळत नसलेला मोठा वाटा रस्ते अपघातांचा आहे, आणि त्यातले कित्येक मृत्यू टाळता येण्यासारखे असतात. नाकाबंदीचेच उदाहरण घेऊ, कारण ती राज्यातल्या जवळपास प्रत्येक ठाण्यात होते.

ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. समोर काहीतरी आहे हे चालकाला दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो, म्हणजे ३३ मीटर. कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर ब्रेक लागून गाडी थांबायला आणखी ३५ मीटरच्या आसपास लागतात. एकूण ७० मीटर. पाऊस असेल तर हे अंतर शंभराजवळ जाते, आणि भरलेला ट्रक असेल तर त्याहूनही पुढे. डिपर लाइटमध्ये चालकाला रस्ता नीट दिसतो तो ४०-५० मीटरपर्यंत. खाकी गणवेशातला माणूस अंधारात त्याहून उशिरा दिसतो. म्हणजे चालक पूर्ण शुद्धीत आणि सावध असला, तरी ज्या क्षणी त्याला हवालदार दिसतो त्या क्षणी गाडी थांबवणे त्याच्या हाताबाहेर गेलेले असते. परावर्तक पट्ट्यांचे जॅकेट याच गणितासाठी लागते. ते दीडशे मीटरवरून चमकते. धुऊन-धुऊन किंवा दोन पावसाळे काढून त्या पट्ट्यांची चमक गेली की ते जॅकेट निव्वळ रंगीत कापड उरते. ते किती दिवसांनी बदलायचे हे ठरलेले असायला हवे आणि बदलल्याची नोंद असायला हवी.

मांडणीतल्या चुकाही ठरलेल्या आहेत. बॅरिकेड वळणानंतर लगेच किंवा चढ संपतो तिथे लावलेले असते. त्याच्या आधी शंभर-दीडशे मीटरवर सूचनाफलक, शंकू किंवा लुकलुकणारा दिवा नसतो. पोलिसांची जीप बाजूला सावलीत उभी असते. खरे तर ती दिवे चालू ठेवून, तिरकी, बॅरिकेडच्या आधी उभी करायला हवी, म्हणजे नियंत्रण सुटलेली गाडी आधी जीपला धडकेल. हवालदार बॅरिकेडच्या पुढे, चालत्या मार्गिकेत, हात आडवा करून उभा असतो. त्याची जागा बॅरिकेडच्या मागे, रस्त्याच्या कडेला आहे, जिथून एका उडीत बाजूला होता येईल. थांबवलेल्या दोन गाड्यांच्या मधे उभे राहायचे नाही, कारण मागच्या गाडीला धडक बसली की मधला माणूस चिरडतो. आणि चौघांत एकाने फक्त येणाऱ्या वाहनांकडे पाहायचे, कागद तपासायचे नाहीत. यात परदेशातून काही आणायचे नाही. एका नाक्याला लागणारे शंकू, दिवे, फलक आणि जॅकेट यांचा खर्च एका मंत्र्याच्या दौऱ्यातल्या मंडपापेक्षा कमी आहे.

शहरातली वेगळी गोष्ट. पळणाऱ्या मोटारीसमोर वाहतूक पोलीस आडवा होतो, चालक थांबत नाही, पोलीस बोनेटवर अडकून फरफटत जातो. मुंबई-पुण्यात अशा चित्रफिती वारंवार दिसतात आणि लोक त्याच्या धाडसाचे कौतुक करतात. कौतुक रास्त आहे, पण त्याला तसे करायला लावणारी पद्धत चुकीची आहे. क्रमांक टिपायचा, वायरलेसवर पुढच्या नाक्याला कळवायचे, ई-चलन लावायचे. हेल्मेट नसल्याच्या दंडासाठी कोणाच्याही चाकाखाली जायचे नाही, हे लेखी आदेशात हवे आणि वरिष्ठांनी ते मनापासून पाळायला हवे. २०१६ साली खार येथे हेल्मेट नसलेल्या अल्पवयीन मुलाला अडवणाऱ्या वाहतूक हवालदाराच्या डोक्यात मुलाच्या भावाने लाकडी दांडा घातला आणि काही दिवसांनी त्या हवालदाराचा मृत्यू झाला. त्या घटनेतून आरोपींना शिक्षेची मागणी पुढे आली. पण एकट्या अंमलदाराला कारवाईला उभे करायचे का, हा प्रश्न तेवढ्याच जोरात पुढे यायला हवा होता.

आणि मग येतात ते मृत्यू, जे कोणत्याच यादीत धड बसत नाहीत. सोळा-अठरा तासांचा बंदोबस्त संपवून हवालदार घरी येतो, छातीत दुखते म्हणतो आणि सकाळी उठत नाही. कागदावर ‘हृदयविकाराचा झटका’. घरी मृत्यू आला म्हणजे कर्तव्यावरचा नाही, हे गृहीत धरले जाते. शवविच्छेदनही बहुधा होत नाही. पुण्याची विसर्जन मिरवणूक चोवीस तासांच्या पुढे जाते. त्याआधीचे दहा दिवस साप्ताहिक सुट्ट्या बंद असतात. पुढे ईद, नवरात्र, निवडणूक. पोलीस संशोधन व विकास ब्युरोने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी अभ्यासात ठाण्यांतले सुमारे नव्वद टक्के कर्मचारी रोज आठ तासांहून अधिक काम करतात असे आढळले. ७३ टक्क्यांहून अधिकांना महिन्यातून एकदाही साप्ताहिक सुट्टी मिळत नव्हती. सतरा तास जागलेल्या माणसाची सावधता रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी घसरते, हे १९९७ पासून प्रयोगांनी दाखवलेले आहे. आपल्याकडे मद्यपी चालकाची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे रात्री श्वासविश्लेषक घेऊन दुसऱ्यांची तपासणी करणारा आणि नंतर जीप चालवत ठाण्यात परतणारा पोलीस, ज्या अवस्थेसाठी तो इतरांना पकडतो त्याहून वाईट अवस्थेत असू शकतो.

यावर उपाय होत नाही असे नाही. मुंबईतल्या देवनार पोलीस ठाण्यात २०१६ च्या मे महिन्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तोही एका शिपायाने आकडेमोड करून मांडलेल्या प्रस्तावावरून, आणि तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो उचलून धरला म्हणून. पुढे तो मुंबईभर नेला गेला, मग मनुष्यबळाच्या टंचाईत आणि कोविडच्या साथीत ढेपाळला. त्याच्या जोडीने ‘पाळी बदलल्यावर आजारपणाची रजा, अपघात आणि मृत्यू यांत काय फरक पडला’ याची नोंद राहिली असती, तर प्रयोग बंद करणाऱ्याला उत्तर द्यावे लागले असते.

एप्रिल २०२० चे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. मुंबईत काही दिवसांच्या अंतराने तीन पोलीस कोविडने गेले आणि तिघेही पन्नाशी ओलांडलेले होते. लगेच पंचावन्न वर्षांवरील अंमलदारांनी घरी थांबावे, असा निर्णय झाला. मृत्यूंकडे पाहिले, समान धागा शोधला, ड्युटी बदलली. किती जीव वाचले हे मोजता येणार नाही, पण पद्धत अगदी बरोबर होती. साथीत जे सुचले ते एरवी का सुचू नये?

आत्महत्यांबद्दल थोडक्यात. नाकारलेली रजा, गावापासून दूरची बदली, कर्ज, वरिष्ठांचा अपमान आणि हाताशी असलेले सरकारी हत्यार, यांचा संयोग ओळखण्यासारखा असतो. पण आकस्मिक मृत्यूच्या चौकशीत ‘मृत्यू कसा झाला’ एवढेच ठरते. शेवटच्या महिन्यात रजेचे किती अर्ज फेटाळले गेले, हे त्यात येत नाही.

आता चौकशी कशी करायची ते सांगतो. मृत्यूची वार्ता आल्यापासून पहिल्या ७२ तासांत कागद ताब्यात घ्यायचे. स्टेशन डायरी, गेल्या पंधरा दिवसांचे ड्युटी रजिस्टर, साप्ताहिक सुट्टीची नोंद, वायरलेसचे लॉग, वाहनाचे लॉगबुक आणि मोटार परिवहन विभागाकडची दुरुस्तीची नोंद, हत्यार व साहित्य दिल्याचे रजिस्टर, मृताच्या शेवटच्या वैद्यकीय तपासणीचा अहवाल. ही घाई यासाठी की कागद नंतर ‘नीट’ केले जातात. न मिळालेली सुट्टी दिली असे दाखवले जाते, रात्री अकराला संपलेली ड्युटी आठला संपते, टायर बदलल्याची मागची तारीख पडते. ज्याने हजेरी लावली तो वाईट माणूस असतो असे नाही. आपल्यावर शेकेल या भीतीने तो हे करतो.

म्हणूनच या चौकशीत दिलेला जबाब विभागीय चौकशीत वापरता येणार नाही, हे आधीच लिहून द्यायला हवे. विमान अपघाताची चौकशी याच तत्त्वावर चालते. दोष ठरवण्याचे काम वेगळ्या यंत्रणेने, वेगळ्या पुराव्यावर करावे. ही एक गोष्ट झाली नाही, तर बाकी सगळे फुकट जाईल.

पथक लहान असावे. दुसऱ्या परिक्षेत्रातला एक निवृत्त अधिकारी, न्यायवैद्यक डॉक्टर, अपघात असेल तर प्रादेशिक परिवहन कार्यालयाचा मोटार वाहन निरीक्षक, हत्याराचा किंवा जॅकेटचा प्रश्न असेल तर त्यातला जाणकार, आणि शिपाई ते हवालदार या पदावर वीस वर्षे काढलेला एक माणूस. हा शेवटचा सर्वांत महत्त्वाचा. ‘पॉइंटवर जेवण किती वाजता आले?’ असा प्रश्न त्यालाच सुचतो. तीस दिवसांत अहवाल, नव्वद दिवसांत केलेल्या कार्यवाहीची नोंद. गडचिरोलीसारख्या प्रकरणात अहवालाचे दोन भाग करावेत. हालचाली, खबरे आणि तंत्र यांचा भाग गोपनीय, बाकीचा खुला.

बुलेटप्रूफ जॅकेटच्या बाबतीत अशी चौकशी काय शोधू शकते ते सांगण्यासारखे आहे. भारतीय मानक ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये आयएस १७०५१ हे मानक आणले आणि धोक्याचे सहा स्तर ठरवले. पिस्तुलाची गोळी अडवणारे मऊ थरांचे जॅकेट एके-४७ ची गोळी अडवत नाही. त्यासाठी समोर आणि पाठीवर कठीण पाटी लागते. ती पाटी जमिनीवर आपटली तर आतून तडकते आणि बाहेरून ठीक दिसते. मऊ थर ओलाव्याने आणि उन्हाने कमजोर होतात, म्हणून जीपच्या मागच्या सीटवर टाकून ठेवलेले जॅकेट काही वर्षांत भरवशाचे राहत नाही. मापाचे नसेल तर बाजू उघड्या पडतात, जड असेल तर उन्हात माणूस ते काढून ठेवतो. जॅकेट होते की नव्हते, एवढे विचारून भागत नाही. कोणत्या स्तराचे, किती जुने, कोणत्या मापाचे, पाटी शेवटची कधी तपासली, हे विचारावे लागते.

याला होणारे आक्षेप मी हलके मानत नाही. चौकशीने मनोधैर्य खचेल, असे वरिष्ठ म्हणतात. ज्या शिपायाला आपल्या साथीदाराच्या मृत्यूनंतर तोच नाका, तीच जीप आणि तोच अंधार मिळतो, त्याचे मनोधैर्य आधीच खचलेले असते. दुसरा आक्षेप कुटुंबाच्या बाजूचा आहे: त्याचीच चूक निघाली तर? मदत मिळेल का, नाव खराब होईल का? म्हणून मदत, निवृत्तिवेतन आणि अनुकंपा नियुक्ती यांचा अहवालाशी कोणताही संबंध नसावा, हे शासन निर्णयातच लिहायला हवे. थकलेल्या माणसाकडून झालेली चूक ही त्याला थकवणाऱ्या व्यवस्थेची चूक असते. तिसरा आक्षेप सामान्य नागरिकांचा. पोलीसही लोकांवर अन्याय करतात, कोठडीत माणसे मारतात, मग त्यांच्यासाठीच एवढी कळकळ का? ही तक्रार खोटी नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावण्याचे आदेश त्यामुळेच दिले. पण खरे रजिस्टर दोघांनाही वाचवते. ज्या ठाण्यात हवालदाराच्या ड्युटीचे तास खोटे लिहिले जातात, त्याच ठाण्यात अटकेची वेळही खोटी लिहिली जाते. कागद खरा ठेवायची सवय एका बाजूने लावता येत नाही.

अहवालाचा कुटुंबाला थेट उपयोग आहे, तोही कोणी सांगत नाही. वाहनाच्या धडकेत पोलीस गेला तर वारसांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. १ एप्रिल २०२२ पासून त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लागू झाली. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर थांबू नये. सहा महिने दुःखात, दाखले गोळा करण्यात आणि क्वार्टर सोडावे लागेल या धास्तीत कधी निघून जातात ते कळत नाही. अनुकंपा नियुक्तीचा अर्जही ठरलेल्या मुदतीत जावा लागतो. भविष्य निर्वाह निधीच्या नामनिर्देशनात लग्नाआधी लिहिलेले आईचे नाव तसेच राहिलेले असते आणि मग सासू-सुनेला न्यायालयातून वारस प्रमाणपत्र आणावे लागते. पगाराच्या बँक खात्याशी जोडलेला अपघात विमा असतो हेच पत्नीला ठाऊक नसते. तीस दिवसांत अहवाल हाती आला, तर अपघाताची वेळ, ठिकाण, वाहन आणि कर्तव्याचा आदेश यांचा एकत्रित पुरावा या सगळ्या दाव्यांना जोडता येतो. अहवाल घेऊन जाणाऱ्या अधिकाऱ्याने या मुदतींची यादी सोबत न्यावी आणि अर्ज तिथेच भरून घ्यावेत.

सुरुवातीला नवा कायदा लागत नाही. पोलीस महासंचालकांच्या एका आदेशाने कागद ताब्यात घेण्याची पद्धत उद्या सुरू होऊ शकते. पथकाला स्वातंत्र्य आणि जबाबाला संरक्षण देण्यासाठी गृह विभागाचा शासन निर्णय हवा, आणि वर्षभराचे खुले अहवाल नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मांडण्याचे बंधन त्यातच घालता येईल. प्रयोग करायचा तर महामार्ग पोलिसांपासून करावा. तिथे घटना एकसारख्या असतात, गुप्ततेचा प्रश्न नसतो आणि उपाय स्वस्त असतात. पहिल्या वर्षी फक्त पुणे, नाशिक आणि नागपूर परिक्षेत्रांतल्या नाकाबंदीतले आणि पोलीस वाहनांचे अपघात घ्यावेत. मृत्यूच नव्हे, तर थोडक्यात वाचलेल्या घटनाही घ्याव्यात, कारण त्यात बोलायला माणूस जिवंत असतो.